कोठीचे राखणदार

हैदराबाद शहरात मुसा नदीच्या उत्तर तीरावर ‘कोठी’ नावाचा एक भाग आहे. जुन्या पुस्तकांची दुकाने, सुलतान बाजारातील कापडपेठ आणि शहराच्या चारी दिशांना जाणाऱ्या बसगाड्या यांच्यामुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या कोठीवरून या भागाला हे नाव मिळाले, ती तेथून नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेली असते. उंच तटभिंतीच्या आड, स्त्रियांच्या एका विद्यालयाच्या आवारात, गर्द झाडीमध्ये ती उभी आहे. निजामाच्या दरबारी राहणाऱ्या इंग्रज वकिलासाठी, म्हणजे रेसिडेंटासाठी, दोन शतकांमागे बांधलेला हा प्रासाद. इंग्रज गेले, निजामी गेली, पण वास्तू राहिली. आणि दीर्घकाळ चाललेल्या डागडुजीनंतर २०२३ साली ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. अशी वास्तू जपावयाची ती कोणी आणि कशासाठी?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. देवालय, किल्ला किंवा एखाद्या संताची समाधी जपण्यास कोणी कारण विचारीत नाही. त्या गोष्टी आपल्या आहेत, असे आपण गृहीत धरतो. कोठीविषयी तसे म्हणता येत नाही. ती परक्यांनी बांधली, तिच्यातून परक्यांनी राज्यकारभारावर अंकुश ठेवला, आणि तिच्या तटावर चालून गेलेल्या आपल्या माणसांना तोफांना तोंड द्यावे लागले. अशा वास्तूवर पैसा व श्रम का खर्चावेत, असे कोणी विचारले तर त्यास देशद्रोही किंवा अरसिक म्हणून गप्प बसविणे योग्य नव्हे. त्यास उत्तर द्यावयास हवे, आणि ते उत्तर वास्तूच्या इतिहासातूनच काढावयास हवे.

मराठी वाचकाने हा इतिहास पाहू जाता पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की या कोठीच्या पायाचा एक दगड खर्ड्याच्या रणांगणावरून आलेला आहे. १७९५ च्या मार्च महिन्यात खर्डा येथे मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला. मराठी राज्याचे सारे सरदार एका झेंड्याखाली लढल्याचा तो अखेरचा मोठा प्रसंग. निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क यास ओलीस म्हणून पुण्यास नेण्यात आले. या युद्धात तटस्थ राहिलेल्या इंग्रजांवर निजाम प्रथम रुष्ट झाला आणि फ्रेंच सेनानी रेमंड याच्या पलटणींवर त्याने भिस्त ठेवली. परंतु पराभवाची भीती रागाहून अधिक टिकाऊ असते. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड मरण पावला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. पुण्याहून परतलेला दिवाणच या नव्या धोरणाचा मोठा पुरस्कर्ता होता. १८०० साली दुसरा तह होऊन ही गाठ अधिक घट्ट झाली. खर्ड्यास मिळालेला आपला जय असा शेजाऱ्यास इंग्रजांच्या हवाली करून गेला. आणि पुढे चारपाच वर्षांतच त्या जयाच्या धन्यांवरही तीच वेळ आली.

या तहांच्या काळात जेम्स अॅकिलिस कर्कपॅट्रिक हा हैदराबादेत रेसिडेंट होता. तो मद्रासेस जन्मलेला. फारसी व हिंदुस्तानी या भाषा त्यास उत्तम येत आणि मोगली थाटाच्या राहणीची त्यास आवड होती. निजामाकडून त्यास ‘हश्मत जंग’ हा किताब मिळाला होता. नव्या कोठीसाठी जमीन मागताना घडलेली एक आख्यायिका सांगतात. कर्कपॅट्रिकने जागेचा मोठा नकाशा करवून निजामापुढे ठेवला. कागदाचा तो विस्तार पाहून निजाम दचकला व त्याने नकार दिला. कारण विचारता दरबाऱ्यांनी सांगितले, की राज्याचा नकाशासुद्धा एवढा मोठा नसतो. मग तोच नकाशा एका लहानशा पत्रावर काढून आणताच संमती मिळाली. कथा खरी असो वा रचलेली असो, नकाशा वाचणारे आणि न वाचणारे यांच्यामध्ये त्या काळी केवढे अंतर पडले होते, ते तिच्यावरून कळते.

बांधकामास १८०३ साली आरंभ झाला. रचनाकार होता मद्रासच्या इंजिनिअर पलटणीतील सॅम्युएल रसेल. खर्च झाला निजामाच्या तिजोरीतून. उत्तरेकडे रुंद पायऱ्यांची चढण, तिच्या दोहो बाजूंस बसलेले सिंह, सहा उंच कॉरिंथियन स्तंभ आणि त्यांच्यावरील त्रिकोणी कमानपट्टीत कोरलेले कंपनी सरकारचे बोधचिन्ह, असे तिचे दर्शनी रूप आहे. आत दोन मजले उंचीचा दरबारी दिवाणखाना, त्याची झुंबरे आणि आरसे, व पुढे दुभंगून वर जाणारा जिना आहे. रूप युरोपातले, पण ते उभे केले दक्षिणी हातांनी आणि दक्षिणी चुन्याने. रसेलने कागदावर रेखाटलेल्या स्तंभाला हैदराबादच्या गवंड्याने घोटून घोटून संगमरवराची झाक आणली. वास्तू ‘कोणाची’ असा प्रश्न विचारताना धन्याचे नाव पुढे येते, रचनाकाराचेही येते. पण गिलाव्यावर आपला हात फिरविणाऱ्याचे नाव कोठेच नोंदलेले नसते.

या वास्तूभोवती एका प्रेमकथेचे वलय आहे. कर्कपॅट्रिकने खैरुन्निसा या मीर आलमच्या नात्यातील खानदानी मुलीशी विवाह केला. त्यामुळे कलकत्त्यास चौकशी झाली आणि दरबारातही कुजबूज झाली. तिच्यासाठी त्याने आवारात रंगमहाल बांधला. त्याच्या बागेत कोठीचीच एक लहानशी प्रतिकृती उभारण्यात आली; पडद्याबाहेर न पडणाऱ्या बेगमेस मोठी कोठी पाहता यावी म्हणून ती केली, असे सांगतात. कोठी पुरी होण्यापूर्वीच, १८०५ च्या ऑक्टोबरात, कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. दोन्ही मुलांना त्याच वर्षी इंग्लंडला धाडण्यात आले होते. त्यांची नावे बदलली, धर्म बदलला, आणि आईशी त्यांची भेट पुन्हा कधीच झाली नाही. १८१३ साली खैरुन्निसाही हैदराबादेत निवर्तली. रंगमहाल पुढच्या काळात पाडला गेला, प्रतिकृती तेवढी उरली. विल्यम डॅलरिम्पल या लेखकाने २००२ साली ‘व्हाइट मुघल्स’ या ग्रंथात ही हकीकत सविस्तर मांडल्यापासून कोठीचे नाव जगभर झाले.

ही कथा हृद्य आहे यात संशय नाही. परंतु कोठीचा इतिहास म्हणजे ही कथा, असे जर समीकरण झाले तर ती मोठी हानी ठरेल. याच कोठीने आणखी दोन गोष्टी पाहिल्या आहेत आणि त्या आमच्या वाचकांस अधिक निकटच्या आहेत.

पहिली गोष्ट वऱ्हाडची. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी थकत गेली आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला यास वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावे लागले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. तेव्हापासून १९०३ साली मध्यप्रांताला जोडले जाईपर्यंत अर्धशतकभर वऱ्हाडच्या कारभाराचा सर्वोच्च अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट होता. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याचा सारा, त्याच्या गावावरून जाणारी आगगाडी, त्याच्या कापसाची पेठ, या सर्वांवरील अखेरचा शब्द मुसेच्या काठच्या या कोठीत उच्चारला जाई. पहिल्या सालारजंगाने १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाणगिरी केली आणि वऱ्हाड परत मिळविण्याचा ध्यास शेवटपर्यंत सोडला नाही. त्याचे अर्ज याच दारावरून मागे फिरले. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, तेव्हा या प्रकरणावर पडदा पडला. वऱ्हाडच्या शाळांतून इतिहास शिकविणाऱ्या आमच्या किती शिक्षकबंधूंनी ही कोठी पाहिली असेल?

दुसरी गोष्ट १८५७ ची. त्या वर्षी १७ जुलै रोजी तुर्रेबाझखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिले व शहरातील लोक यांचा जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. पुतळी बावडीच्या बाजूस असलेली दोन घरे ताब्यात घेऊन त्यांनी रात्रभर गोळीबार केला. तोफांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. तुर्रेबाझखान पकडला गेला, काळ्या पाण्याची शिक्षा झाली, १८५९ च्या जानेवारीत तुरुंगातून निसटला आणि थोड्याच दिवसांत मारला गेला. त्याचा देह शहरात लटकावण्यात आला. मौलवी अल्लाउद्दीनची रवानगी अंदमानात झाली. या हल्ल्यानंतर रेसिडेन्सीचा तट अधिक मजबूत करण्यात आला. सुंदर उद्यानगृहास किल्ल्याची कळा आली ती तेव्हापासून. हा तट पाहताना स्तंभांचे सौंदर्य आणि त्या रात्रीची गोळागोळी या दोन्ही गोष्टी एकदमच मनात उभ्या राहावयास हव्यात. तट पाडला किंवा नुसता रंगवून टाकला, तर तुर्रेबाझखानाची जी मोजकी दृश्य स्मृती उरली आहे ती पुसली जाईल. परक्यांची वास्तू का जपावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. पराभूतांच्या खुणा पुष्कळदा विजेत्यांच्या भिंतींवरच राहिलेल्या असतात.

आणखीही एक विलक्षण गोष्ट आहे. कोठीभोवती वाढलेला रेसिडेन्सी बाजार निजामाच्या हुकमतीबाहेर, रेसिडेंटाच्या अधिकारात होता; १९३३ साली तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. निजामी राज्यात सभाबंदी व वृत्तपत्रबंदी कडक असताना या पट्ट्यात जराशी मोकळीक मिळे. आर्यसमाजाची शाखा येथे १८९२ साली निघाली. तेलुगू भाषेचे श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषानिलयम १९०१ साली याच परिसरात स्थापन झाले. कोठीपासून फार दूर नसलेल्या जांबाग भागातील विवेकवर्धिनी ही मराठी शाळा १९०७ ची. केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिचा भार वाहिला. उर्दूच्या राज्यात मराठी व तेलुगू या भाषांनी जी पहिली पावले टाकली, ती या कोठीच्या सावलीत. साम्राज्याने स्वतःच्या सोयीसाठी आखलेल्या हद्दीचा उपयोग प्रजेने आपल्या भाषेसाठी करून घेतला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की न्याय, ते वाचकांनी ठरवावे.

स्वातंत्र्यानंतर कोठीला नवे धनी मिळाले. १९२४ साली सुरू झालेले आणि अनेक जागा बदललेले स्त्रियांचे महाविद्यालय १९४९ साली या आवारात आले. ज्या घरात एक स्त्री पडद्याआडून कोठीची प्रतिकृती पाहत होती, त्याच घरात शेकडो मुली पुस्तके घेऊन जिना चढू लागल्या. पुढे या महाविद्यालयाचे विद्यापीठात रूपांतर झाले आणि २०२४ साली त्यास तेलंगणातील शेतकरी लढ्याची वीरांगना चाकली इलम्मा हिचे नाव देण्यात आले.

वास्तूच्या जतनाचा विचार करणाऱ्यांनी या १९४९ च्या घटनेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. आमच्या मते मात्र कोठीच्या जतनाचा आरंभ तेथूनच धरला पाहिजे. त्या काळी रिकाम्या झालेल्या देवड्या आणि वाडे हैदराबादेत पुष्कळ होते. त्यांच्या जागी आज दुकानांच्या इमारती आहेत. घर रिकामे पडले की प्रथम दारे-खिडक्या जातात, मग तुळया जातात, आणि शेवटी जमीन जाते. कोठीचे असे झाले नाही, याचे कारण तेथे रोज सकाळी कोणीतरी दार उघडीत असे, झाडीत असे, फळ्यावर लिहीत असे. महाविद्यालयापाशी वास्तू सांभाळण्याजोगा पैसा नव्हता आणि त्यासाठी लागणारे विशेष ज्ञानही नव्हते. तथापि वापर हीच एक राखण असते. त्या प्राध्यापिका, त्या विद्यार्थिनी, ते शिपाई, हे सर्व या कोठीचे पहिले राखणदार होत. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हटले नाही, इतकेच.

परंतु केवळ वापराने जुने घर टिकत नाही, हेही तितकेच खरे. जुन्या घराचा मुख्य वैरी म्हणजे पाणी. गच्चीवरची पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीत मुरते. भिंतीत शिरलेल्या तुळईचे टोक आधी सडते, कारण ते डोळ्यांस दिसत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी एका पावसात रुजते. दहा पावसांत त्याचे मूळ मनगटाएवढे होते आणि कमानीचे दगड सुटू लागतात. अशा वेळी सामान्यतः जो उपाय केला जातो तो रोगाहून वाईट ठरतो. जुना चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंट लिंपले जाते. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हात ती बाहेर टाकते. तिचा श्वासोच्छ्वासच म्हणावा. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. आत कोंडलेली ओल व क्षार वीट पोखरीत राहतात, वरून मात्र भिंत नवी दिसते. काही वर्षांनी सारा थर पापुद्र्यासारखा गळून पडतो व बरोबर विटेचा पृष्ठभागही घेऊन जातो.

म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते. चुना विरवून मुरत ठेवावयाचा, घाणीत सुर्खीबरोबर मळावयाचा, गूळ, बेलफळ, उडीद यांच्या पाण्याने त्यास चिकाटी आणावयाची, आणि मग थरावर थर देत घोटावयाचा. एक थर वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही. कंत्राटाची मुदत आणि चुन्याची मुदत यांचा मेळ सहसा बसत नाही. जेथे ही कामे रेंगाळलेली दिसतात तेथे प्रत्येक वेळी आळसच असतो असे नाही. काही विलंब हा पदार्थाच्या धर्मातच असतो. हे ज्ञान ग्रंथांत थोडे आणि गवंड्यांच्या घरांत अधिक आहे. कोठीसारखे एक काम निघाले की दहा गवंड्यांची मुले ते शिकतात. काम निघाले नाही तर एका पिढीत ते नाहीसे होते.

कोठीची हाक बाहेरच्या जगाने ऐकली ती २००२ साली. न्यूयॉर्क येथील वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने संकटात असलेल्या जगातील वास्तूंच्या आपल्या यादीत तिचा समावेश केला. ही संस्था खाजगी देणग्यांवर चालते. या यादीने लगेच पैसा येतो असे नाही. पण घरातल्यांना जे दिसेनासे झालेले असते ते परक्याने बोट दाखविल्यावर दिसू लागते. त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली. बेगमेच्या बागेतील मोडकळीस आलेली प्रतिकृती सावरली गेली. नंतर मुख्य इमारतीचे काम राज्य सरकार, विद्यापीठ आणि ही संस्था यांच्या सहकार्याने पार पडले. यादीत नाव येण्यापासून दारे खुली होण्यापर्यंत दोन दशके लागली.

या दोन दशकांत शहरात दुसरेही एक काम चालू होते आणि त्यावाचून पहिले सिद्धीस गेले नसते. इंटॅक या नावाने परिचित असलेला, १९८४ साली स्थापन झालेला वारसान्यास आणि इतर नागरिकमंडळे यांच्या हैदराबादेतील कार्यकर्त्यांनी जुन्या वास्तूंच्या नोंदी केल्या, पदयात्रा काढल्या, अर्ज लिहिले. त्यांत निवृत्त अध्यापक होते, स्थापत्याचे विद्यार्थी होते, जुन्या घराण्यांतील मंडळी होती. मुंबईने १९९५ साली वारसावास्तूंसाठी देशातील पहिली नियमावली केली, तिच्या पाठोपाठ त्याच वर्षी हैदराबादच्या नगरविकास प्राधिकरणाने आपल्या नियमांत तेरावा नियम घातला व अशा वास्तूंची यादी जाहीर झाली. २०१५ साली हा नियम रद्द झाला. २०१७ साली तेलंगणाने वारशाचा नवा कायदा केला. मधल्या पोकळीत काय घडू शकते ते इरम मंझिलच्या प्रकरणात दिसले. नवाब फख्रुल्मुल्क याचा हा एकोणिसाव्या शतकातील प्रासाद पाडून तेथे विधानसभागृह बांधण्याचा निर्णय २०१९ साली सरकारने घेतला. नागरिक न्यायालयात गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. याचिका लिहिणारा हातही चुना घोटणाऱ्या हाताइतकाच वास्तूच्या उपयोगी पडतो, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

येथे एका मूलभूत भेदाकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. जीर्णोद्धार ही आपल्याकडील फार जुनी व पुण्यप्रद मानलेली कल्पना आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट व विहिरी यांचे जे कार्य केले त्याचे ऋण सारा देश मानतो. परंतु जीर्णोद्धारात जुन्याच्या जागी नवे व अधिक भव्य घडविण्याची मुभा असते, कारण तेथे देव मुख्य, दगड गौण. इतिहासाच्या वास्तूचे तसे नाही. तेथे दगडच पुरावा असतो. इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिस याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळ काढले, ते याच कारणाने. जुन्या चर्चांना ‘मूळ’ रूप देण्याच्या उत्साहात त्यांची शतकाशतकांची भर खरवडली जात होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की नित्याची निगा राखा, गळती थांबवा, टेकू द्या, आणि खोटी प्राचीनता घडवू नका. आमच्या इतिहाससंशोधकांना हे तत्त्व समजावून सांगावे लागू नये. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली, वाळवीने खाल्लेला शब्द तसाच रिकामा ठेवून छापला. तेथे आपल्या कल्पनेतील शब्द घातला नाही. १९१० साली पुण्यात निघालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हीच शिस्त पुढे चालविली. पोथीस जो न्याय, तोच भिंतीस लावावयाचा आहे.

ही शिस्त मान्य केली म्हणजे स्वयंसेवकाच्या कामाची मर्यादाही स्पष्ट होते आणि त्याचे महत्त्वही. तुळई बदलणे, कमानीला आधार देणे, रंगाचे थर उकलणे, ही कामे जाणकाराची होत. हौशी हाताने ती करू नयेत. परंतु पावसाळ्यापूर्वी पन्हळी मोकळ्या करणे, भिंतीतील रोपटे कोवळे असतानाच काढणे, तडा कोठे होता व तो वर्षभरात किती वाढला याची नोंद ठेवणे, माजी विद्यार्थिनींजवळची जुनी छायाचित्रे व आठवणी मिळविणे, येणाऱ्यास वास्तू दाखविणे, ही कामे पगारी खात्याकडून होत नाहीत, असा सर्वत्रचा अनुभव आहे. त्यांस पैसा थोडा लागतो, चिकाटी मात्र पुष्कळ लागते. मोठ्या दुरुस्तीचे समारंभ होतात. पन्हळ साफ केल्याचा समारंभ कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आणि तरी पुढील वीस वर्षांनी कोठीला पुन्हा कोणाच्या यादीत जावे लागेल की नाही, हे त्या पन्हळीवरच ठरेल.

आता आमच्या शिक्षकवर्गासंबंधी थोडे. भिंती सावरल्या गेल्या आहेत, पण त्या भिंतींमध्ये काय घडले ते सांगणार कोण? आज कोठीस जाणाऱ्यास बहुधा एकच कथा ऐकावयास मिळते, ती हश्मत जंग आणि खैरुन्निसा यांची. ती अवश्य सांगावी. परंतु तिच्याबरोबर वऱ्हाडचा तह सांगितला जात नाही, पुतळी बावडीजवळची ती रात्र ओझरती येते, आणि या कोठीच्या सावलीत वाढलेल्या मराठी-तेलुगू शाळांचा उल्लेखही होत नाही. यात सांगणाऱ्याचा दोष कमी आणि आमचा अधिक आहे. इंग्रजीत ज्या प्रसंगावर ग्रंथ झाला तो प्रसंग जगाला ठाऊक झाला. ज्यांवर आमच्या भाषांत लिहिले गेले नाही, किंवा लिहिलेले वाचले गेले नाही, ते अंधारात राहिले. हैदराबादेतील मराठी शाळांना कोठी पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वऱ्हाड-मराठवाड्यातून सहली तर दरवर्षी चारमिनार व गोवळकोंडा पाहावयास येतातच. त्यांपैकी एखादी सकाळ कोठीसाठी काढावी. मुलांना पायऱ्यांवर बसवून १८५३ चा तह शिकवावा, तटाजवळ उभे करून तुर्रेबाझखान सांगावा, आणि मग दिवाणखाना दाखवावा. इतिहासाचा असा तास वर्गात होणे नाही.

प्रारंभी जो प्रश्न घेतला होता त्याचे उत्तर आता देता येईल असे वाटते. कोठी निजामाच्या पैशाने झाली, इंग्रजाच्या इच्छेने झाली आणि दख्खनच्या कारागिराच्या हाताने झाली. यांपैकी कोणीही आज तिचा हक्क सांगावयास येणार नाही. १९४९ पासून जिने तिथे शिक्षण घेतले, जिने शिकविले, ज्याने तिच्यासाठी अर्ज लिहिला आणि ज्याने चुना मळला, त्यांची ती झाली आहे. वास्तूचा वारसा रक्ताने मिळत नाही, राखणीने मिळतो. त्या राखणदारांत मराठी बोलणारे किती असतील, एवढाच प्रश्न आमच्यापुरता उरतो.